पेन तुझं, पेन माझं... आणि प्रोग्रामरचं भांडण!

दोस्तांनो, एक प्रश्न विचारू? तुमच्या दप्तरात पेनं किती आहेत? आणि त्यातलं 'लाडकं' कोणतं?

बघा, लगेच चेहरे खुलले! कुणी म्हणेल, "बाई, माझं जाड टोकाचं." कुणी म्हणेल, "छे! बारीक टोकाशिवाय अक्षर चांगलं येतच नाही." परीक्षेच्या दिवशी लाडकं पेन सापडलं नाही, तर घर डोक्यावर घेणारे वीरही तुमच्यात असतीलच. आणि दुसऱ्याच्या पेनाने लिहिलं की आपलं अक्षर बिघडतं, ही तर अगदी जगजाहीर तक्रार!

असंच एक भांडण मोठ्या माणसांच्या जगातही चालू आहे. एक-दोन नव्हे, गेली चाळीसेक वर्षं! भांडणारे आहेत संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे प्रोग्रामर. चांगले शिकलेसवरलेले, चष्मेवाले, गंभीर चेहऱ्याचे लोक. आणि भांडणाचं कारण काय? तर, 'प्रोग्राम कशात लिहायचा?' या भांडणाला 'एडिटर वॉर', म्हणजे एडिटरचं युद्ध, असं भारदस्त नावसुद्धा मिळालंय.

हसू आलं ना? मलाही आलं होतं. पण या भांडणाच्या मागे मागे गेलं की वाटेत मोठी मजेदार माणसं भेटतात. त्यात पुण्यात वाढलेला एक मुलगाही आहे. त्याची गोष्ट वाचली, तेव्हा मात्र माझं हसू थांबलं. चला तर, सुरुवातीपासून सुरुवात करू.

एडिटर म्हणजे काय रे भाऊ?

प्रोग्राम म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना. आई जशी दुकानात पाठवताना सांगते, "आधी साखर घे, साखर नसेल तर गूळ घे, उरलेले पैसे मोजून आण," तशाच. फरक इतकाच, की तुम्ही आईचं अर्धं बोलणंही समजून घेता. संगणक घेत नाही. एखादा कंस लावायचा राहिला, तरी स्वारी अडून बसते!

या सूचना ज्या साधनात लिहितात, त्याला 'एडिटर' म्हणतात. पत्र किंवा निबंध टाइप करायच्या साधनापेक्षा हा वेगळा. इथे ठळक अक्षरं, नक्षीदार चौकटी यांचं काम नाही. साधी अक्षरं, बस्स. पण प्रोग्रामरला सलग लिहायचं कमी आणि इकडून तिकडे उड्या मारायच्या जास्त असतात. हजाराव्या ओळीवर जा, हे नाव शंभर ठिकाणी बदल, त्या चार ओळी उचलून इकडे लाव... म्हणजे एडिटर हे नुसतं पेन नव्हे. पेन, खोडरबर, कात्री आणि डिंकाची बाटली, सगळं एकात! दिवसाचे आठ-आठ तास जे हातात असतं, त्याच्यावर जीव जडणारच की नाही?

कागदावर चालणारा एडिटर

१९६९ साल. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी 'युनिक्स' या प्रसिद्ध प्रणालीसाठी 'ईडी' नावाचा एडिटर लिहिला. त्या काळी बहुतेकांच्या समोर पडदाच नसायचा! असायचं ते 'टेलिटाइप', म्हणजे टाइपरायटरसारखं यंत्र. आपण कळा दाबायच्या आणि संगणकाचं उत्तर कागदाच्या गुंडाळीवर खडखड करत उमटायचं.

आता पडदाच नाही, तर आपण लिहिलेलं दिसणार कसं? दहावी ओळ बघायची असेल, तर 'दहावी ओळ छाप' अशी आज्ञा द्यायची. ओळ छापून यायची. मग 'या शब्दाच्या जागी तो शब्द' अशी दुसरी आज्ञा. बाकी सगळा मजकूर आपल्या डोक्यात! आणि आज्ञा चुकली तर? ईडी काय चुकलं ते सांगत नसे. फक्त एक प्रश्नचिन्ह छापून गप्प बसे. कल्पना करा, तुमच्या गणिताच्या वहीवर बाईंनी नुसतं '?' काढून वही परत दिली तर!

मिनिटभर वाट पाहायला लावणारा पडदा

पुढे पडदे आले. १९७६च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात बिल जॉय नावाचा विद्यार्थी होता. त्याने पडद्यावर मजकूर दाखवणारा एडिटर लिहिला. त्याचं नाव 'व्ही-आय'. 'व्हिज्युअल', म्हणजे डोळ्यांना दिसणारा, या शब्दाची ही पहिली दोन अक्षरं.

बिल जॉयपुढे एक मोठी अडचण होती. ३०० बॉडच्या मोडेमवरूनसुद्धा हा एडिटर वापरता यायला हवा होता. मोडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या संगणकाशी बोलणारी पेटी. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. आता एक गणित करा बरं. पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी असतील, तर एकूण अक्षरं १९२०. सेकंदाला ३०, तर सगळा पडदा भरायला किती वेळ? ६४ सेकंद! एक पान उलटायला एका मिनिटाहून जास्त!

म्हणून जॉयने आज्ञा अगदी छोट्या ठेवल्या. 'एक्स' दाबा, एक अक्षर गायब. 'डी' दोनदा दाबा, आख्खी ओळ गायब. आधी ३ दाबून मग 'डी' दोनदा, तर तीन ओळी गायब. कमी कळा, जास्त काम.

पण 'एक्स' दाबल्यावर अक्षर खोडलं जात असेल, तर 'एक्स' हे अक्षर लिहायचं कसं? बरोबर विचारलंत! त्यासाठी व्ही-आयमध्ये दोन 'मोड' आहेत. मोबाइलच्या कॅमेऱ्यात कसं फोटोचा मोड वेगळा, व्हिडिओचा वेगळा. बटण तेच, काम निराळं. तसंच इथे. एक लिहिण्याचा मोड, एक आज्ञांचा. लिहायचं असेल तर 'आय' दाबायचं, लिहून झालं की 'एस्केप'ची कळ दाबून पुन्हा आज्ञांकडे यायचं.

आणखी एक गंमत. व्ही-आयमध्ये डावीकडे, खाली, वर आणि उजवीकडे जायला 'एच, जे, के, एल' या कळा आहेत. हीच का? कारण बिल जॉयकडे 'एडीएम-३ए' नावाचं टर्मिनल होतं, म्हणजे पडदा आणि कळफलक एकत्र असलेलं यंत्र. त्याच्या या चार कळांवरच बाण छापलेले होते! आणि 'एस्केप'ची कळ होती आज जिथे 'टॅब' असते तिथे, अगदी बोटाजवळ. यंत्र केव्हाच मोडीत निघालं, पण त्याच्या बाणांची सवय आजही जगभरच्या बोटांत जिवंत आहे.

नवशिक्याची मात्र व्ही-आय चांगलीच फजिती करतो. तो उघडून टाइप करायला लागतो, तर अक्षरं उमटण्याऐवजी ओळीच नाहीशा होतात! घाबरून बाहेर पडायला जावं, तर दार सापडत नाही. पुढे व्ही-आयचा सुधारलेला भाऊ आला, 'व्हिम'. "व्हिममधून बाहेर कसं पडायचं?" हा प्रश्न प्रोग्रामरांच्या एका प्रसिद्ध संकेतस्थळावर २०१७ सालापर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा उघडला गेला होता! (तुम्हाला उत्तर सांगून ठेवते. आधी एस्केप, मग विसर्गासारखं दिसणारं कोलन, मग 'क्यू', त्याला जोडून उद्गारचिन्ह आणि शेवटी एन्टर. पण जपून हं, यात न साठवलेलं लिखाण जातं.)

करंगळीची कसरत

त्याच १९७६ साली अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत, दुसरा एडिटर जन्माला आला. रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील आणि त्यांच्या मित्रांनी मिळून तयार केलेला हा 'ईमॅक्स'.

ईमॅक्समध्ये लिहिण्यासाठी मोड बदलावा लागत नाही. कळ दाबली की अक्षर उमटलं! मग आज्ञा कशा द्यायच्या? 'कंट्रोल'ची कळ दाबून धरायची आणि सोबत दुसरी कळ. कंट्रोल आणि 'एफ' म्हणजे एक अक्षर पुढे, 'बी' म्हणजे मागे, 'एन' म्हणजे खालची ओळ, 'पी' म्हणजे वरची. इंग्रजीतल्या फॉरवर्ड, बॅकवर्ड, नेक्स्ट, प्रीव्हिअसची ही आद्याक्षरं. लिखाण साठवायचं, तर कंट्रोल धरून 'एक्स', मग कंट्रोल धरून 'एस'. दिवसभर कंट्रोल दाबून दाबून करंगळी दुखायला लागते. या दुखण्याला प्रोग्रामरांनी नाव ठेवलंय, 'ईमॅक्सची करंगळी'!

पण त्या प्रयोगशाळेतल्या कळफलकांवर कंट्रोलची कळ स्पेसबारच्या शेजारी होती. तिथे ती अंगठ्याने सहज दाबता यायची. पुढे कळफलक बदलले, कंट्रोल कोपऱ्यात गेली आणि करंगळीच्या नशिबी कसरत आली. म्हणजे बघा, दोन्ही पक्षांची कहाणी एकच! एकाची 'एस्केप' दूर गेली, एकाची 'कंट्रोल'. आज दोन्हीकडचे कितीतरी लोक निरुपयोगी वाटणाऱ्या 'कॅप्स लॉक'लाच कामाला लावतात. सेटिंग बदलून कुणी तिची एस्केप करतो, कुणी कंट्रोल.

ईमॅक्सचं खरं वैशिष्ट्य मात्र वेगळंच आहे. तो वापरणाऱ्याला हवा तसा बदलता येतो. 'लिस्प' या भाषेत चार ओळी लिहा, की तुमचा ईमॅक्स नवीन काम शिकला. १९८५ साली स्टॉलमन यांनी 'जीएनयू ईमॅक्स' सर्वांसाठी खुला केला. कुणीही तो वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. मग काय! लोकांनी त्यात पत्रव्यवहार आणला, दिनदर्शिका आणली, टेट्रिसचा खेळ आणला, अगदी "तुम्हाला असं का वाटतं?" असं विचारणारा मनाचा डॉक्टरही आणला.

टोमणे आणि टपल्या

मग दोन्ही पक्षांत जुंपली. व्ही-आयवाले म्हणाले, "ईमॅक्स म्हणजे काय ठाऊक आहे? आठ मेगाबाइट खाऊन सतत धापा टाकणारा!" त्याच्या इंग्रजी अद्याक्षरांवरून त्यांनी तसं नावच जुळवलं. त्या काळी आठ मेगाबाइट म्हणजे डोक्यावरून पाणी! आज तुमच्या मोबाइलमधले दोन-चार फोटोही तेवढे होतात. ते असंही म्हणत, "ईमॅक्समध्ये सगळं आहे हो, फक्त चांगला एडिटर तेवढा हवा होता!"

ईमॅक्सवालेही गप्प बसणारे नव्हेत. 'व्ही' आणि 'आय' हे रोमन आकड्यांत सहा होतात. सहा तीन वेळा लिहिले की ६६६, आणि पाश्चात्त्य लोकांत तो आकडा सैतानाचा मानतात. झालं! स्वतः स्टॉलमन गमतीने संताचा झगा घालून, डोक्यावर जुन्या संगणकाची तबकडी तेजोवलयासारखी लावून भाषणं देत आणि ही कोटी करत. सभागृह हसून लोटपोट!

एक तिसरा पक्षही होता बरं का. झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर नावाचे तंत्रज्ञ होते. त्यांना 'मोड' या प्रकाराचाच राग. एकच कळ कधी हे करते, कधी ते, यात साधा माणूस गोंधळतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरही 'नो मोड्स' असंच लिहिलेलं होतं! १९७०च्या दशकात त्यांनी आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाचा एडिटर केला. आपण आज जे 'कट, कॉपी, पेस्ट' करतो, ते रूढ करण्याचं मोठं श्रेय टेस्लर यांना जातं. निबंधातला परिच्छेद उचलून वर लावलात, की त्यांची आठवण काढा.

निळा पडदा

आतापर्यंतचे एडिटर म्हणजे नुसती लिहिण्याची साधनं. पण लिहिलेला प्रोग्राम संगणकाच्या भाषेत बदलावा लागतो. ते काम करणाऱ्याला म्हणतात 'कंपायलर'. आधी एडिटरमध्ये लिहा, बाहेर या, कंपायलर चालवा, चूक निघाली की पुन्हा एडिटर उघडा... नुसत्या येरझाऱ्या!

१९८३ साली बोर्लंड कंपनीने 'टर्बो पास्कल' आणलं. डेन्मार्कच्या अँडर्स हेल्सबर्ग यांच्या कामावर ते उभं होतं. एडिटर आणि कंपायलर एकाच घरात! चूक झाली, की कर्सर थेट चुकीच्या जागी. किंमत ५० डॉलरला पाच सेंट कमी, तेव्हा इतर कंपायलरांना शेकडो डॉलर पडत. अशा एकत्र घराला म्हणतात 'आयडीई'. एडिटर हे पेन असेल, तर आयडीई म्हणजे कंपासपेटी, टेबल आणि दिवा यांसकट अभ्यासाची पूर्ण खोली.

याच कुटुंबातलं 'टर्बो सी++' आपल्याकडे कॉलेजांत वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. घरात कुणी इंजिनिअर काका किंवा मावशी असेल, तर नुसतं म्हणून बघा, "निळा पडदा, पिवळी अक्षरं!" पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला जुन्या आठवणी ऐकाव्या लागल्या, तर मला बोल लावू नका.

आणि आज? २०१५ साली मायक्रोसॉफ्टने 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' हा एडिटर फुकट दिला. २०२३ च्या एका मोठ्या पाहणीत उत्तर देणाऱ्या प्रोग्रामरांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लोक तो वापरत होते. पण म्हणून व्हिम-ईमॅक्स संपले का? मुळीच नाही! २०१६ साली एक समान पद्धत ठरली. त्यामुळे चूक दाखवणं, नाव पूर्ण करून देणं ही हुशारी एकदा तयार केली, की कोणत्याही एडिटरला वापरता येते. म्हणजे आता पेन तुमच्या आवडीचं, शाई मात्र सगळ्यांना तीच!

युगांडाची मुलं

भांडण झालं. आता दोन माणसांना भेटू.

पहिले ब्राम मूलेनार. हॉलंडचे. त्यांना व्ही-आय फार आवडे, पण त्यांच्या 'अमिगा' या घरगुती संगणकावर तो नव्हता. म्हणून १९८८ साली त्यांनी तसाच एक एडिटर घडवायला घेतला आणि १९९१ साली लोकांना दिला. तोच व्हिम.

१९९४ साली मूलेनार आफ्रिकेतल्या युगांडा देशात गेले. तिथल्या किबाले या गावात एका बालकेंद्रासाठी पाणी आणि स्वच्छतेचं काम करत ते वर्षभर राहिले. त्या भागात एड्सच्या साथीने असंख्य घरांतले आईबाप नेले होते. मुलं उघडी पडली होती. मूलेनार परत आले, पण ती मुलं त्यांच्या मनातून गेली नाहीत. व्हिम विकून त्यांना पैसा करता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. व्हिम फुकट ठेवला आणि उघडल्याबरोबर दिसणाऱ्या पहिल्या पडद्यावर एक ओळ घातली, युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. एडिटर आवडला, तर त्या मुलांच्या शाळेला, औषधपाण्याला हातभार लावा. एवढंच मागणं!

३ ऑगस्ट २०२३ रोजी मूलेनार गेले. पुढच्या वर्षी व्हिमची नवी आवृत्ती आली, ती त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांनाच अर्पण केली. एका एडिटरवरच्या प्रेमातून दूरच्या मुलांची फी भरली गेली. भांडणातून असंही निघतं कधी कधी!

पुण्याचा मुलगा

आता तो पुण्याचा मुलगा. टी. व्ही. रामन. लहानपणी एका डोळ्याने त्याला थोडं दिसायचं. पण काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी तेही गेलं. पूर्ण अंधार. चौदावं वर्ष, म्हणजे तुमच्यातल्या कित्येकांचं वय!

घरची माणसं पाठ्यपुस्तकं, गणितं मोठ्याने वाचून दाखवत. हा ऐकून सोडवी. ब्रेल खुणांचा रुबिक क्यूबही तो सोडवत असे. पुण्याच्या वाडिया कॉलेजात गणित, मग मुंबईच्या आयआयटीत गणित आणि संगणकशास्त्र, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठ. तिथे १९९४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय काय? तर अवघड गणिती मजकूर संगणकाने नीट वाचून कसा दाखवावा! त्या प्रणालीचं नाव ठेवलं 'ॲस्टर'. त्यांच्या वाटाड्या कुत्र्याचंही नाव तेच होतं.

आता प्रोग्राम लिहायचा कशात? अंध माणसांसाठी पडदा वाचून दाखवणारी साधनं होती. पण ती समोर जे दिसतं ते तसंच वाचत. भिंतीवरचं कॅलेंडर डोळ्यांपुढे आणा. एक आडवी ओळ वाचली, तर ऐकू येईल, "पाच, सहा, सात, आठ..." यात वार कोणता, महिना कोणता? डोळ्यांना चौकट दिसते, कानांना फक्त आकड्यांची रांग!

रामन ईमॅक्स वापरत होते. आणि ईमॅक्स बदलता येतो, आठवतं ना? त्यांनी ईमॅक्सच्या मूळ लिखाणाला हात न लावता, लिस्पमध्ये त्याच्यावर आवाजाचा एक थर चढवला. एप्रिल १९९५ मध्ये तो लोकांना दिला. त्याचं नाव 'ईमॅकस्पीक'. तो पडदा वाचत नाही. ईमॅक्स काय करतोय, हे त्याला आतूनच माहीत असतं. त्यामुळे कॅलेंडरमधल्या आकड्यावर गेलं, की तो वार, महिना, तारीख, वर्ष असं पूर्ण सांगतो. प्रोग्राम वाचताना माणसांसाठी लिहिलेल्या टिपा एका आवाजात, संगणकाच्या सूचना दुसऱ्या आवाजात. डोळसांना रंगांनी जे कळतं, ते यांना आवाजांनी कळतं!

पुढे रामन गूगलमध्ये गेले. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दुसऱ्या कुणाला 'मला ईमॅक्स आवडतो' ही हौस असेल. रामन यांच्यासाठी तो कामाचा दरवाजा होता. कुणी म्हटलं असतं, "आमच्याकडे सगळ्यांनी हाच एडिटर वापरायचा," तर तो दरवाजा बंद झाला असता.

बाईंची चूक

हे वाचलं आणि मला माझा वर्ग आठवला.

चौथीच्या वर्गात माझा नियम होता. शाईच्या पेनानेच लिहायचं. अक्षराला वळण येतं म्हणून. एका मुलीची वही मात्र नेहमी फराटलेली. मी लाल पेनाने शेरा दिला, 'स्वच्छता राखा'. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच शेरा. तिने कधी तक्रार केली नाही. एकदा सहज तिच्या बाकाजवळ उभी राहिले, तेव्हा पाहिलं. ती डावखुरी. आपली मराठी लिहायची डावीकडून उजवीकडे. म्हणजे तिचा हात तिनेच नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून जात होता! मी उजव्या हाताने लिहिणारी. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती बॉलपेनाने लिहू लागली. वही स्वच्छ झाली. माझे दोन शेरे मात्र त्या वहीत तसेच राहिले. त्यांखाली मी लिहिलं, 'चूक बाईंची होती.' आणि सही केली.

मग नियम नकोतच का?

नाही हं, तसंही नाही! स्वतःच्या वहीत काय वापरायचं, ते तुमचं. पण एकच वही दहा जणांनी लिहायची असेल, तर समास सगळ्यांचा सारखा हवा. प्रोग्रामरही हेच करतात. ओळ आत सरकवायला 'टॅब' दाबायची की 'स्पेस', यावरही त्यांची भांडणं झाली. मग ठरवाठरवी झाली. पायथन भाषेची लेखनपद्धती सांगते, चार स्पेस. लिनक्सच्या गाभ्याचे लेखक वापरतात टॅब, आठ अक्षरांच्या रुंदीची. २००९ साली गूगलने आणलेल्या 'गो' भाषेत तर प्रोग्राम नीट लावून देणारं अवजारच सोबत येतं. तुम्ही कसंही लिहा, ते सगळ्यांचं सारखं करून देतं. भांडणच मिटलं!

म्हणजे सूत्र सोपं आहे. हातातलं साधन ज्याचं त्याचं. हातून उतरलेलं काम सगळ्यांना वाचता येईल असं.

करून पाहा

शाळेच्या किंवा घरच्या संगणकावर 'नोटपॅड' उघडा. दहा ओळी लिहा. आता माउस बाजूला ठेवा! फक्त कळफलक वापरून तिसरी ओळ उचलून शेवटी लावा. बाणांच्या कळा, शिफ्ट, आणि कंट्रोलसोबत 'एक्स' व 'व्ही', एवढंच लागेल. किती वेळ लागला ते मोजा. आठवडाभर रोज एकदा करा आणि पुन्हा मोजा. बोटांना सवय कशी लागते, ते तुमचं तुम्हालाच कळेल. मग 'आमचाच एडिटर चांगला' म्हणणाऱ्यांचा राग येणार नाही.

आणि हो, वर्गात एखाद्याचं पेन, एखाद्याची बसण्याची पद्धत, एखाद्याचा पाटी धरायचा हात वेगळा दिसला, तर हसण्याआधी त्याच्या बाकाजवळ क्षणभर उभं राहून बघा. बघाल ना?